ठकठक वाजणाऱ्या चाकाचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात परभणीच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं. रात्रीच्या गाडीत त्यांच्या बर्थखाली सारखी ठकठक चालली होती, डोळ्याला डोळा लागला नाही, आणि मराठवाड्याच्या नशिबी रेल्वेचे भंगार डबेच, असा त्यांनी शेवट केला होता. मराठवाड्यावर अन्याय होतो याबद्दल माझं दुमत नाही. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला 1995 मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडकरांना आपल्या स्टेशनात गाडी बघायला 2025 उजाडलं. यापुढं आणखी पुरावा कशाला पाहिजे? पण ठकठकीचं खापर मात्र त्यांनी भलत्याच डोक्यावर फोडलं. तो आवाज डबा जुना झाल्याचा नसतो. चाकाला पडलेल्या 'फ्लॅट'चा, म्हणजे घासून सपाट झालेल्या जागेचा असतो, आणि तो फ्लॅट पाडण्यात डब्यात बसलेल्या कुणाचा तरी हात असू शकतो. हात म्हणजे खराखुरा, साखळीला लटकलेला.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात टर्नर होतो. सगळी नोकरी लेथपुढं, म्हणजे वस्तू गरगर फिरवून हत्यारानं कापणाऱ्या मशीनपुढं गेली. गळीत हंगाम संपला की मिलचे रोलर खोलून वर्कशॉपला यायचे. उसानं खाल्लेल्या खाचा पुन्हा पाडायच्या, माप घ्यायचं, चीफ इंजिनिअरची बोलणी खायची, आणि पुढच्या हंगामाला रोलर पुन्हा जागेवर. त्यामुळं गोल वस्तू कशी झिजते आणि झिजल्यावर ती पुन्हा गोल कशी करायची, यावर बोलायला माझा थोडाफार अधिकार आहे असं समजतो.

माझा भाचा सिकंदराबादला रेल्वेच्या लालागुडा कारखान्यात आहे. 1893 साली निजामाच्या रेल्वेनं उभारलेला हा कारखाना. तेव्हा आपण सगळे त्याच राज्यात होतो, म्हणून मला तो काही परमुलखातला वाटत नाही. ठरावीक मुदत झाली की प्रवासी डबे तिथं पूर्ण उकलून दुरुस्त होतात. "मामा, तुमचा लेथ बघून झाला, आता आमचा बघा," असं तो दर दिवाळीला म्हणायचा. यंदा त्यानं रीतसर परवानगी काढली आणि मी उदगीरहून गाडीत बसलो. दारात हेल्मेट दिलं, ते सारखं डोळ्यांवर यायचं. बुटांची मात्र अडचण आली नाही, कारखान्यातले जुने जपून ठेवलेले होते.

डबा क्रेननं उचलतात, खालच्या बोग्या (बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा सांगाडा) वेगळ्या होतात, बोग्यांमधून चाकांच्या जोड्या निघतात. मग सगळं धुऊन व्हील शॉपला येतं. एक ॲक्सल आणि त्यावर दोन चाकं, अशा जोड्या रुळाच्या तुकड्यांवर रांगेनं उभ्या होत्या. एकेक जोडी टनावर जाते. आपण फलाटावरून चाकाचा वरचा थोडा भाग बघतो, त्यामुळं खरा आकार ध्यानात येत नाही. भाच्यानं एका जोडीला हाताचा रेटा दिला आणि ती मुकाट्यानं पुढं सरकली. टनभर लोखंड एका माणसाच्या रेट्यानं चालतं, रेल्वेची सगळी गंमत यातच आहे.

चाक ॲक्सलवर बसतं कसं, हे मला आधी बघायचं होतं. बऱ्याच जणांना वाटतं वेल्डिंग असेल. वेल्डिंग नाही, चावी नाही, बोल्ट नाही. चाकाचं भोक ॲक्सलच्या बैठकीपेक्षा अगदी किंचित लहान ठेवतात आणि हायड्रॉलिक प्रेसवर दाबून ते आत सरकवतात. आमच्याकडं रोलरचं बिडाचं कवच शाफ्टवर तापवून बसवतात. इथं तापवणं नाही, नुसता दाब. दाब किती लागत गेला याचा आलेख मशीन काढत असते. आलेख ठरलेल्या चालीनं चढला नाही तर चाक परत बाहेर. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर 1600 मिलीमीटर. फरक चालतो तो एखाद-दुसऱ्या मिलीमीटरचा.

ॲक्सलची तपासणीही बघितली. लहानपणी स्टेशनात गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके मारत जायचा आणि आवाजावरून ओळखायचा. आता ॲक्सलच्या तोंडाला तेल लावून यंत्राचं बोंड टेकवतात आणि कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडतात. आत चीर असली तर पडद्यावर नको तिथं टोक उठतं. हे काम करणारी मुलगी असेल पंचविशीची. तिच्या पाठीमागं मी बराच वेळ उभा राहिलो, पण टोक काही उठलं नाही. तिनं खडूनं खूण केली आणि पुढची जोडी घेतली.

आता लेथ. आमच्या रोलरच्या लेथला एक टूलपोस्ट, म्हणजे कापणारं हत्यार धरणारा एकच खांब. इथं जोडी दोन सेंटरमध्ये धरतात आणि दोन्ही चाकांवर दोन टूल एकदम चालतात. का, ते समजून घेतलं की पुढचं सगळं समजतं. मोटारीला वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरवायची सोय असते. रेल्वेची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट बसलेली, दोघांनी सारखंच फिरायचं. मग वळणावर काय करायचं? म्हणून चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, बाहेरच्या बाजूला थोडा उतरता असतो. चहाचा कागदी कप आडवा करून टेबलावर ढकला, तो वळत जातो, तसंच हे. वळणावर जोडी थोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर चालतं आणि आतलं लहान व्यासावर, आणि गाडी आपोआप वळते. चाकाची आतली उंच कड, जिला तिथं फ्लँज म्हणतात, ती रुळाला घासत वळवत नाही, ती फक्त शेवटची राखणदार. पण हे सगळं जमायचं तर दोन्ही चाकं सारखी पाहिजेत. लेथवरून उतरताना एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या व्यासात अर्ध्या मिलीमीटरच्या वर फरक चालत नाही. टनाच्या जोडीवर अर्धा मिलीमीटर! आमच्या कारखान्यात एवढ्या बारीक मापाला चीफ इंजिनिअर सोडून कुणी विचारलं नसतं.

लेथवर त्या वेळी लागलेल्या जोडीच्या एका चाकावर मला एक चकाकता डाग दिसला. तीन बोटं मावतील एवढा, आरशासारखा. बाकी चाक मळकट राखाडी, तेवढीच जागा लखलखीत, आणि कडेला निळसर झाक. "हाच फ्लॅट," भाचा म्हणाला. चाक जाम होऊन फिरायचं थांबलं आणि गाडी त्याला रुळावरून फरफटत घेऊन गेली की टेकलेली जागा घासून सपाट होते. प्रवासी डब्याच्या चाकावर 50 मिलीमीटर लांबीपर्यंतचा फ्लॅट चालवून घेतात, मालडब्याला 60. त्याच्या पुढं गेला की डबा गाडीतून काढायचा.

खिशातल्या कागदावर मी हिशेब मांडला. 915 मिलीमीटर व्यासाच्या नव्या चाकावर 50 मिलीमीटर लांबीचा फ्लॅट म्हणजे खोली सुमारे 0.7 मिलीमीटर. एवढंच! मग एवढा आवाज कसला? तर या चाकाचा घेर 2.87 मीटर. गाडी ताशी 100 किलोमीटरनं चालली की चाक सेकंदाला जवळपास दहा वेळा फिरतं, आणि दर फेऱ्याला डब्याचं वजन त्या सपाट जागेवरून एकदा आपटतं. सेकंदाला दहा घणाचे घाव. रुळावर, बेअरिंगवर आणि वरच्या बर्थवरच्या माणसाच्या कपाळावर. गाडी 30 वर आली की हेच घाव सेकंदाला तीन होतात आणि मोजता येतात. परभणीच्या वाचकांनी बहुधा स्टेशन जवळ आल्यावर ऐकले असतील.

0.7 मिलीमीटर खोलीच असेल तर तेवढं कापून टाका, असं मी म्हणालो. लेथवरचा माणूस हसला. त्यानं मशीन चालू केली. टूल चाकावर चढलं, कापलेल्या पोलादाची जाड चिप निळी होऊन वेटोळं घेत खाली पडायला लागली, आवाज एकसारखा, कुणाही टर्नरला बरं वाटेल असा. आणि दर फेऱ्याला एकदा, टक. पुन्हा टक. फ्लॅटची जागा आली की टूल उडत होतं. थोड्या वेळानं त्यानं मशीन थांबवली आणि इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाचा कापणारा तुकडा, काढून माझ्या तळहातावर ठेवला. कोपरा उडालेला. चाक घसरताना ती जागा लालबुंद होते आणि मागच्या थंड पोलादामुळं झटकन गार पडते, म्हणजे तिला आपोआप पाणी चढतं. काचेसारखी कडक आणि तशीच ठिसूळ. ती तशीच ठेवली तर पुढं तिथून कपच्या उडतात. म्हणून कडक थराच्या खालपर्यंत कापावं लागतं. त्यानं नवा इन्सर्ट लावला, खोली वाढवली आणि पुन्हा सुरुवातीपासून.

"मामा, हात लावू नका, चिप तापलेली हाय," भाचा ओरडला. चिप दिसली की हात जायची सवय, काय करणार.

जोडी उतरली तेव्हा व्यास पाच मिलीमीटरच्या आसपास कमी झाला होता. दोन्ही चाकांचा. दुसऱ्या चाकाचा काही दोष नव्हता, पण अर्ध्या मिलीमीटरचा नियम, त्यामुळं तेही कापलं गेलं. आणि एवढ्यावर भागत नाही. एका बोगीतल्या दोन जोड्यांच्या व्यासातही फरकाची मर्यादा आहे, पाच मिलीमीटर. अख्ख्या डब्यात तेरा. म्हणजे ही जोडी परत जागेवर जाताना शेजारची जोडी मापात बसते का बघायचं, नसली तर जोडीदार बदलायचा किंवा तीही लेथवर घ्यायची. एका चाकाच्या डागाचा ताप आठ चाकांना.

यात नुकसान किती ते सांगतो. नवं चाक 915 चं. चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या घडणीच्या, म्हणजे आयसीएफ डब्याचं चाक 825 वर बाद होतं, नव्या जर्मन घडणीच्या एलएचबी डब्याचं 845 वर. म्हणजे एलएचबीच्या चाकाची सगळी जन्माची शिदोरी 70 मिलीमीटर. त्यातले पाच एका फ्लॅटनं नेले, चौदावा हिस्सा. साधी झीज वेगळीच. फ्लँज पातळ होते, टेकणारा भाग मध्ये पोकळ होतो, त्यासाठी चाक अधूनमधून लेथवर येणारच असतं. झीज ठरलेली असते, तिचा हिशेब आधीच धरलेला असतो. फ्लॅट हा फुकटचा खर्च.

बरं, चाक काही गल्लीतल्या भट्टीत होत नाही. बेंगळुरूजवळ यलहंकाला ओतीव चाकं होतात, दुर्गापूरला घडीव. तरी बाहेरूनही मागवावी लागतात. 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा वंदे भारतसाठी सांगितलेली चाकं तिकडंच अडकली आणि काही रोमानियामार्गे विमानानं आणावी लागली. विमानातून आणलेलं आगगाडीचं चाक, हे आमच्या आजाला सांगितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं.

आता साखळीकडं येतो. चाक जाम का होतं? ब्रेकमुळं. साखळी ओढली की ब्रेक लागतो एवढंच आपल्याला माहीत असतं. प्रत्यक्षात गाडीभर फिरणाऱ्या ब्रेकच्या नळीत पाच किलो दाबाची हवा भरलेली असते आणि ती हवा आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. साखळीनं डब्याच्या टोकाची झडप उघडते, हवा निघून जाते, ब्रेक आवळले जातात. मग गार्ड किंवा सहायक लोको पायलटनं अंधारात खडीवरून चालत जायचं, कुठल्या डब्याची झडप उघडली ते शोधायचं, ती पूर्ववत करायची, आणि नळीत पुन्हा हवा भरेपर्यंत वाट बघायची. घाईत झडप नीट बसली नाही किंवा एखाद्या डब्याचा ब्रेक पूर्ण सुटला नाही, तर इंजिन सगळ्यांना ओढतं आणि त्या डब्याची चाकं ब्रेक चिकटलेल्या अवस्थेतच पुढं जातात. याला ब्रेक बाइंडिंग म्हणतात. कधी धूर निघतो, "गाडीला आग लागली" म्हणून पळापळ होते आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच पेपरात बातमी येते. कधी धूर निघत नाही, नुसता फ्लॅट पडतो.

दर वेळी साखळी ओढली की चाक गेलंच, असं मी म्हणत नाही. एलएचबीला चाक घसरायला लागलं की ब्रेक क्षणभर सैल करणारी यंत्रणाही असते. ब्रेक चिकटण्याची दुसरीही कारणं असतात: सामान बिघडतं, झडपेत कचरा जातो. ती रेल्वेनं बघायची आणि तिनं ती नीट बघितली नाहीत तर तिला जरूर धारेवर धरावं. पण साखळी हे कारण आपल्या हातातलं आहे.

आणि आपण ती कशासाठी ओढतो? आमच्या बाजूला मी डोळ्यांनी बघितलेली कारणं ही: नवरीकडची मंडळी फलाटावर मागं राहिली. क्लासला लातूरला निघालेल्या पोराची बॅग बाकावरच राहिली. गाडी सिग्नलला हळू झाली, गाव इथून जवळ पडतं, स्टेशनला जाऊन परत रिक्षा कोण करणार. कुणाची तरी चहाची ऑर्डर यायची राहिली, हेही एकदा ऐकलं. एखादा दाराशी घसरून खाली पडला, कुणाला झटका आला, डब्यात जाळ झाला, तर साखळी ओढलीच पाहिजे, तेव्हा चाकाचा विचार करू नये. नवरीकडच्या मंडळींना मात्र पुढची गाडी आहे.

रेल्वे कायद्याच्या कलम 141 प्रमाणे विनाकारण साखळी ओढल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा 1989 चा. तेव्हा 1000 रुपयांना वजन होतं. आज तेवढा दंड भरून लोक स्टेशनबाहेर फोटो काढतात. दंड वाढवावा की नाही ते दिल्लीनं बघावं. साखळीखालच्या पाटीवर 'दंड' एवढंच न लिहिता त्या चकाकत्या डागाचं चित्र आणि खाली 'हे तुमच्या डब्याचं चाक' असं छापलं तर जास्त उपयोग होईल, असं मला वाटतं. लोखंड खराब झालेलं दिसलं की आपला माणूस हळहळतो. कायद्याला तो तेवढा मानत नाही.

जाता जाता आणखी एक. लातूरजवळ हरंगुळला कोच फॅक्टरी उभी राहिली, 2018 मध्ये पायाभरणी झाली, 2020 च्या डिसेंबरात डब्याचं पहिलं कवच तयार झालं. पण आयटीआयची टर्नर, फिटरची पोरं लातूर, उदगीर, निलंग्याला अजूनही प्रॅक्टिकलला तेच एक-दोन गंजके लेथ फिरवतात. त्यांना वर्षातून एकदा गाडीत बसवून सिकंदराबादला नेलं आणि त्या लेथपुढं तासभर उभं केलं तर शिकवायला दुसरं काही लागणार नाही. प्राचार्यांनी रेल्वेला पत्र लिहावं, परवानगी मिळते, मला मिळाली.

परभणीच्या वाचकांना एवढंच सुचवतो. पुन्हा ठकठक ऐकू आली तर आधी शेजारच्या डब्यात जाऊन बघा. तिथं आवाज बंद झाला आणि आपल्या डब्यात एकाच लयीत, गाडीच्या वेगाबरोबर जलद-मंद होत चालू असला, तर तो फ्लॅट समजा. दाराजवळ बाहेरून डब्याचा नंबर रंगवलेला असतो, तो लिहून घ्या आणि रेल्वेच्या 139 या मदत क्रमांकावर कळवा. नुसतं 'डबा भंगार आहे' म्हटलं तर कुणी हलत नाही. डबा नंबर आणि 'व्हील फ्लॅट' एवढं म्हटलं की पुढच्या मोठ्या स्टेशनात कुणीतरी टॉर्च घेऊन खाली वाकतो.

पत्र छापल्यास खाली माझं नाव देऊ नये ही विनंती. भाचा अजून नोकरीत आहे.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
उदगीर, जि. लातूर